धंदा जोरात, पण गल्ल्यात खडखडाट! डार्विनच्या आजोबांनी 1772 साली मांडलेला हिशोब

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनने आयुष्यात कधी पगाराची नोकरी केली नाही. पाच वर्षं जहाजातून जगभर फिरला, परत आल्यावर इंग्लंडमधल्या एका खेड्यात घर घेतलं आणि उरलेलं आयुष्य संशोधनात घालवलं. संसार चालवण्यासाठी पैसा कमी पडला नाही, कारण तो घरचा होता. वडील डॉक्टर होते आणि गुंतवणुकीतही हुशार. पण त्या श्रीमंतीतला मोठा वाटा आला होता आईच्या माहेराहून.

ते माहेर म्हणजे वेजवूड घराणं. चिनी मातीच्या भांड्यांमुळे हे नाव आजही जगभर ओळखलं जातं. डार्विनच्या आईचे वडील जोसाया वेजवूड यांनी हा धंदा उभा केला. वडिलांच्या मृत्युपत्रात त्याच्या वाट्याला 20 पौंड लिहिले होते. 1795 साली तो वारला तेव्हा त्याची मालमत्ता सुमारे 5 लाख पौंडांची होती.

शून्यातून साम्राज्य उभं करणाऱ्यांच्या गोष्टी आपण नेहमी वाचतो. या गोष्टीत मात्र मधेच एक वर्ष असं येतं, जेव्हा राणीपासून सरदारांपर्यंत सगळे जोसायाचा माल घेत होते आणि तरी त्याच्या हातात पैसा नव्हता. आज छोटा धंदा सुरू करणाऱ्या कोणालाही ही अडचण ओळखीची वाटेल. त्यातून तो कसा बाहेर पडला, ते पाहू.

कुंभाराच्या घरातलं शेंडेफळ

जोसायाचा जन्म 1730 साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात, बर्स्लेम नावाच्या गावात झाला. हे गावच कुंभारांचं. घरोघरी भट्ट्या, आकाशात कायम धूर. घरात डझनभर भावंडं आणि जोसाया सगळ्यांत धाकटा. तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले. कारखाना थोरल्या भावाकडे आला आणि जोसायाची शाळा सुटली.

पुढे गावात देवीची साथ आली. जोसाया वाचला, पण त्याचा उजवा गुडघा कायमचा दुखरा झाला. कुंभाराचं चाक तेव्हा पायाने फिरवायचं असे. ज्याचा पाय चालत नाही, त्याने चाकावर बसायचं कसं? तरुणपणी आलेल्या या अडचणीने त्याला धंद्याच्या दुसऱ्या बाजूला ढकललं. कोणती माती कोणत्या मातीत मिसळायची, भट्टी किती तापवायची, भांड्यावर झिलईचा थर कसा द्यायचा, याचे प्रयोग तो करू लागला. शेवटी 1768 साली तो पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती.

भावाकडे उमेदवारी पूर्ण झाल्यावर त्याला भागीदारीची आशा होती. भावाने ती दिली नाही. मग जोसायाने बाहेर इतरांशी भागीदारी केली. त्यातली महत्त्वाची भागीदारी थॉमस व्हील्डन या नावाजलेल्या कुंभाराबरोबरची. 1754 ते 1759 अशी पाच वर्षं तो तिथे होता. भट्टी दुसऱ्याची, भांडवलातही दुसऱ्याचा वाटा, पण शिकायला पूर्ण मोकळीक होती. स्वतःचा पैसा लावण्याआधी त्याने धंदा असा आतून पाहून घेतला.

भाड्याची जागा, एक कारागीर आणि एक वही

1759 साली वयाच्या 29व्या वर्षी जोसायाने स्वतःचा धंदा सुरू केला. इकडे आपल्याकडे पानिपतच्या तिसऱ्या लढाईला अजून दोनेक वर्षं होती.

सुरुवात अगदी बेताची होती. त्याने जागा विकत घेतली नाही. बर्स्लेममध्येच नात्यातल्या माणसांची जागा भाड्याने घेतली. कारागीर म्हणून चुलतभावाला पाच वर्षांच्या कराराने ठेवलं, पगार वर्षाला 22 पौंड. नवा धंदा सुरू करताना हातातली रक्कम जागेत आणि बांधकामात अडकली, तर माती, कोळसा आणि मजुरीला पैसा उरत नाही. जोसायाने पहिली रक्कम मालात आणि माणसात घातली. जागा वाढवली ती मागणी वाढल्यावर, तीही आधी भाड्यानेच.

त्याच वर्षी त्याने एक वहीही सुरू केली होती. झिलईच्या प्रत्येक प्रयोगाला क्रमांक द्यायचा, काय किती घातलं ते खुणेच्या भाषेत लिहायचं, म्हणजे वही चोरीला गेली तरी दुसऱ्याला काही कळू नये. असे हजारो प्रयोग त्याने आयुष्यात केले. पुढे लग्न झाल्यावर बायको सॅरा हिनेही या नोंदींमध्ये त्याला मदत केली.

सॅराचे वडील श्रीमंत चीज व्यापारी होते. होणाऱ्या जावयाची आर्थिक स्थिती नीट तपासल्याशिवाय मुलगी द्यायला ते तयार नव्हते. बराच काळ वाटाघाटी चालल्या आणि 1764 साली लग्न झालं. सॅराबरोबर आलेल्या पैशाने धंद्याला चांगला हात दिला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. झिलईत कोणता पदार्थ किती घातला याची जोसायाकडे चोख नोंद होती. पण एक भांडं बनवून ते गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत नेमका किती खर्च येतो, याचा तेवढाच बारीक हिशोब त्याने अजून मांडला नव्हता.

राणीचा चहाचा सेट

जोसायाच्या प्रयोगांना मोठं यश आलं ते सायीच्या रंगाच्या भांड्यांत. चीनहून येणारी पोर्सेलीनची भांडी महाग होती आणि गावठी भांडी जाडीभरडी. जोसायाची भांडी हलकी, गुळगुळीत, दिसायला देखणी आणि त्या मानाने स्वस्त.

1765 साली इंग्लंडच्या राणीने, शार्लटने, त्याच्याकडून चहाचा सेट मागवला. जोसायाने या एका ऑर्डरचं सोनं केलं. राणीच्या परवानगीने त्याने स्वतःला राणीचा कुंभार म्हणवून घेतलं आणि त्या भांड्यांना राणीचं नाव दिलं. राणीच्या टेबलावर जे आहे, ते आपल्याही घरी असावं असं कोणाला वाटणार नाही? सरदारांनी घेतलं, मग वकील-डॉक्टर-व्यापाऱ्यांनी घेतलं.

पुढची काही वर्षं नुसती वाढीची होती. लिव्हरपूलचा व्यापारी थॉमस बेंटली शोभेच्या वस्तूंच्या धंद्यात त्याचा भागीदार झाला. लंडनमध्ये शोरूम उघडली. कच्ची माती आणायला आणि तयार माल पाठवायला तेव्हा खडबडीत रस्ते आणि लादलेले घोडे एवढीच सोय होती. वाटेतच किती भांडी फुटायची! म्हणून ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्यासाठी जोसायाने पुढाकार घेतला. 1766 मध्ये त्या कालव्याची पहिली कुदळ त्यानेच मारली. मग कालव्याच्या वाटेवरच जमीन घेऊन नवा कारखाना बांधला. त्याचं नाव इट्रुरिया. 1769 च्या जूनमध्ये तो सुरू झाला.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, या माणसाला आता पैशाची काय कमी?

माल संपतोय, मग पैसा कुठे जातोय?

त्या वर्षांत लंडनमध्ये शोभेच्या फुलदाण्यांचं वेड आलं होतं. प्राचीन ग्रीक-रोमन धाटणीच्या फुलदाण्यांवर उमरावांच्या उड्या पडत होत्या. जोसाया बनवेल तेवढ्या कमीच. आणि नेमकं तेव्हाच तो भागीदाराला वसुलीसाठी तगादा लावत होता, कारण मजुरी द्यायला रोकड कमी पडत होती.

कारण सोपं आहे. बडी गिऱ्हाइकं रोख देत नसत. माल आज घ्यायचा, पैसे सवडीने. सरदाराच्या दारात तगादा लावायचा तरी कसा? उद्या तो दुसऱ्या दुकानात जाईल. पण इट्रुरियातल्या मजुरांना मजुरी वेळेवर लागते. मातीवाला आणि कोळसेवालाही फार थांबत नाही. पैसा जातो आधी, येतो नंतर. या मधल्या काळात धंदा चालवायला जी रक्कम लागते, तिला आपल्याकडे खेळतं भांडवल म्हणतात. विक्री जितकी वाढते तितकं हे भांडवल जास्त लागतं. म्हणून नवा धंदा मंदीत बुडतो तसाच तेजीतही बुडू शकतो.

त्यात 1771 मध्ये जोसायाने एक धाडस केलं. जर्मन संस्थानांतल्या हजारभर बड्या घराण्यांना त्याने न मागता मालाच्या पेट्या पाठवल्या. प्रत्येक पेटीत सुमारे 20 पौंडांचा माल. आवडला तर पैसे पाठवा, नाहीतर माल परत करा. एकूण 20 हजार पौंडांचा माल असा परदेशी रवाना झाला. ही रक्कम किती मोठी होती? 22 पौंडांच्या हिशोबाने त्याच्या पहिल्या कारागिराला 900 वर्षं पगार देता आला असता, एवढी.

हा डाव पुढे यशस्वी झाला. बहुतेकांनी पैसे दिले आणि युरोपची बाजारपेठ उघडली. पण पैसे यायला वेळ लागला. तोपर्यंत ते वहीत येणं म्हणून दिसत होते, गल्ल्यात नव्हते. आणि नेमकं याच मधल्या काळात इंग्लंडचं आभाळ फाटलं.

1772 चा तडाखा

त्याची सुरुवात लंडनमधल्या एका पेढीतून झाली आणि धागा थेट भारतापर्यंत पोचतो. अलेक्झांडर फोर्डाईस नावाच्या बँकरने ईस्ट इंडिया कंपनीचा शेअर पडणार, यावर मोठा सट्टा लावला होता. शेअर त्याच्या वेळेत पडला नाही. जवळजवळ 3 लाख पौंड बुडवून जून 1772 मध्ये तो फ्रान्सला पळाला. त्याची पेढी बसली आणि मग पत्त्यांच्या बंगल्यासारख्या लंडन आणि स्कॉटलंडमधल्या अनेक पेढ्या कोसळल्या.

पुढे खुद्द ईस्ट इंडिया कंपनीही डबघाईला आली. 1770 च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसं मरत होती, कंपनीचा महसूल आटत होता, आणि 1773 साली ब्रिटिश संसदेला कंपनीला 14 लाख पौंडांचं कर्ज द्यावं लागलं. 1772 च्याच नोव्हेंबरमध्ये इकडे थेऊरला थोरले माधवराव पेशवे वारले. इतिहासाच्या पुस्तकात दोन वेगळ्या धड्यांत येणाऱ्या या घटना एकाच वर्षाच्या आहेत.

पेढ्या बुडाल्या की उधार मिळेनासं होतं. व्यापारी मालाची ऑर्डर देत नाहीत. ज्यांच्याकडे पैसा आहे तेही हात आखडता घेतात. आणि अशा वेळी सगळ्यांत आधी थांबते ती शोभेच्या वस्तूंची खरेदी. फुलदाणीवाचून कोणाचं अडतं?

जोसायाच्या गोदामात तयार माल पडून राहू लागला. उधारी वसूल होईना. नव्या कारखान्याचा खर्च मात्र रोजचा रोज सुरू. इट्रुरिया सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती.

एका फुलदाणीला खरा खर्च किती?

अशा वेळी बहुतेक धंदेवाले दोनपैकी एक करतात. किंमत पाडून मिळेल त्या भावाने माल काढतात, नाहीतर घाबरून माणसं कमी करतात. जोसायाने आधी वही उघडली.

त्याला प्रश्न पडला होता, किंमत कमी केली तर किती कमी करता येईल? आणि त्याच्या लक्षात आलं की याचं उत्तर आपल्याकडे नाही. कारण आपल्या मालाचा खरा खर्चच आपल्याला माहीत नाही. माती, कोळसा आणि कारागिराची मजुरी धरून अंदाजाने भाव ठरत होते.

मग कच्च्या मातीपासून लंडनच्या दुकानातल्या टेबलापर्यंत एका फुलदाणीला काय काय खर्च येतो, त्याची त्याने यादी केली. नमुना बनवणाऱ्याची मजुरी. साचे. हाताखालच्या पोरांचे पगार. भट्टीत तडकलेले नग. कारकून. जागेचं भाडं. वाहतूक. लंडनच्या शोरूमचा खर्च. एकेका प्रकारच्या, एकेका आकाराच्या नगावर यातला किती वाटा पडतो, ते त्याने काढलं.

यातून दोन गोष्टी बाहेर आल्या. पहिली, ज्या मालावर चांगला फायदा होतोय असं वाटत होतं, त्यातल्या काहींचा खर्च अंदाजापेक्षा बराच जास्त होता. दुसरी जास्त महत्त्वाची. काही खर्च माल किती बनतोय त्यावर हलतात, माती आणि कोळसा त्यातले. पण भाडं, कारकून, साचे, नमुने हे खर्च माल शंभर नग बनो की हजार, तेवढेच राहतात. मग जितका माल जास्त, तितका त्या खर्चाचा एका नगावर पडणारा वाटा कमी.

आज कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. 1772 मध्ये एका कुंभाराने ते स्वतःच्या वहीतून शोधून काढलं, म्हणून खर्चाच्या हिशोबाचा इतिहास लिहिणारे त्याचं नाव आवर्जून घेतात.

आपल्याकडचं उदाहरण घेऊन पाहू. समजा, तुम्ही चकली बनवून विकता. गाळ्याचं भाडं महिन्याला 6,000 रुपये आणि मदतीच्या बाईंचा पगार 9,000. म्हणजे चकली एक किलो झाली काय आणि तीनशे किलो झाली काय, 15,000 रुपये जाणारच. भाजणी, तेल, गॅस आणि डबा मिळून किलोला 200 रुपये खर्च. तुम्ही विकता 320 रुपये किलोने. किलोमागे 120 रुपये सुटतात असं वाटतं ना?

महिन्याला 100 किलो खपली तर भाडं-पगाराचा किलोमागे वाटा पडतो 150 रुपये. खरा खर्च झाला 350. म्हणजे दर किलोला 30 रुपये तोटा, महिन्याला 3,000. गिऱ्हाइकं खूश, ऑर्डरी येतायत आणि तुम्ही खिशातले पैसे घालताय!

हीच चकली 300 किलो खपली तर तो वाटा उरतो 50 रुपये. खरा खर्च 250. किलोमागे 70 रुपये नफा, महिन्याला 21,000. चव तीच, भाव तोच. मधल्या कुठल्या आकड्यावर तोटा थांबतो? 125 किलोवर. हा आकडा ज्याला माहीत आहे, त्याला भाव किती उतरवायचा आणि ऑर्डर कधी नाकारायची, हे कळतं.

हिशोब मांडला आणि चोरी सापडली

वह्या इतक्या बारकाईने तपासल्या जाऊ लागल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. लंडनच्या दुकानातले आकडे जुळत नव्हते. तिथला मुख्य कारकून पैसे खात होता.

जोसाया इट्रुरियात भट्ट्यांपाशी, पैसा लंडनमध्ये जमा होतोय, आणि मधे एका माणसावर पूर्ण भरवसा. ही रचनाच धोक्याची होती. मालाच्या मागणीमुळे वरवर सगळं ठीक दिसत होतं, तोवर कोणी खोलात गेलं नाही.

त्याने त्या कारकुनाला काढलं. इट्रुरियातला आपला विश्वासू रोखपाल लंडनला पाठवून घडी बसवली आणि दर आठवड्याला हिशोब पाहायचा नियम केला. वर्षाच्या शेवटी एकदाच वही बघायची म्हटली, तर तोपर्यंत गळती वर्षभर चालू राहते. आठवड्याला बघितली, तर फार तर आठवड्याची.

एकच माल, दोन बाजार

आता जोसायाच्या हातात खरे आकडे होते. त्याने बाजाराकडे नव्याने पाहिलं.

बड्या घराण्यांनी फुलदाण्या घेऊन झाल्या होत्या. त्यांच्या वाड्यांत त्या वर्ष-दोन वर्षं मिरवल्या होत्या आणि मध्यमवर्गाने त्या पाहिल्या होत्या. हा वर्ग संख्येने कितीतरी मोठा, फक्त भाव परवडत नव्हता. साचे आणि नमुने तर बनलेले होतेच, त्यांचा खर्च आधीच होऊन गेला होता. तेव्हा त्याच फुलदाण्या जास्त संख्येने बनवून कमी भावात विकल्या तर? हिशोबाप्रमाणे ते परवडत होतं.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. नव्या वस्तूचा भाव सुरुवातीला चढा ठेवला, कारण नमुन्यांचा खर्च मोठा होता आणि खालच्या भावाने विकली असती तर उमरावांनी ढुंकून पाहिलं नसतं. ती आधी वरच्या घरांत गेली, म्हणून खालच्यांना हवीशी झाली. भाव उतरवला तो नंतर, आणि तोही खर्च माहीत असल्यामुळे बेधडक.

या वाटेने इट्रुरिया मंदीतून पार झाला. ज्या काळात मोठमोठ्या पेढ्यांना टाळं लागलं, त्या काळात हा कारखाना टिकला आणि पुढे आणखी वाढला.

याचा अर्थ पुढची प्रत्येक ऑर्डर फायद्याचीच घेतली असा नाही. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने त्याच्याकडे जेवणाचा प्रचंड मोठा सेट मागवला. 952 नग, त्यांवर ब्रिटनमधल्या खऱ्या ठिकाणांची हाताने रंगवलेली चित्रं. 1774 मध्ये तो तयार झाला. सम्राज्ञीने सुमारे 2,700 पौंड मोजले, पण खर्च वजा जाता फारसं काही उरलं नाही. जोसायाने मात्र तो रशियाला जाण्याआधी लंडनच्या शोरूममध्ये मांडला आणि तिकिटावर लोकांना दाखवला. राजघराण्यापासून सगळे बघायला आले. नफा कमी आहे हे ठाऊक असून, त्या बदल्यात काय मिळणार याचा विचार करून घेतलेली ऑर्डर आणि नकळत तोट्यात घेतलेली ऑर्डर, यांत हाच फरक.

पैसा आल्यावर

पुढची वीस वर्षं भरभराटीची गेली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी नक्षी असलेली वेजवूडची जी भांडी आज संग्रहालयांत दिसतात, ती याच काळातली. ती माती जमवायला त्याने हजारो प्रयोग केले. भट्टीची उष्णता मोजण्याची पद्धत शोधल्याबद्दल 1783 मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. नऊ वर्षांचा असताना शाळा सुटलेला मुलगा!

हाती आलेला पैसा त्याने फक्त धंद्यातच घातला नाही. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडमध्ये चळवळ सुरू झाली, तेव्हा 1787 मध्ये त्याने साखळदंडातल्या, गुडघे टेकलेल्या गुलामाचं चित्र असलेली छोटी पदकं बनवली आणि मोठ्या संख्येने फुकट वाटली. लोक ती कपड्यांवर, केसांत मिरवू लागले. त्या चळवळीचं ते चिन्हच बनलं.

3 जानेवारी 1795 रोजी इट्रुरियात त्याचा मृत्यू झाला. चौदा वर्षांनी त्याची मुलगी सुझॅना हिच्या पोटी चार्ल्स डार्विन जन्मला. तरुण चार्ल्सला बीगल जहाजावर जायचं होतं, तेव्हा वडिलांचा विरोध होता. त्यांची समजूत घातली ती जोसायाच्या मुलाने, म्हणजे चार्ल्सच्या मामाने. पुढे चार्ल्सने त्याच मामाच्या मुलीशी, एमाशी लग्न केलं.

यातून आपण काय घ्यायचं?

जोसायाचा काळ वेगळा, देश वेगळा. पण त्याला 1772 मध्ये जे कळलं ते आज पापड, पर्स किंवा मोबाईल कव्हर विकणाऱ्यालाही तसंच लागू पडतं. विक्री, नफा आणि हातातली रोकड या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. विक्री वाढली म्हणजे नफा झाला असं नाही. वहीत नफा दिसला म्हणजे शनिवारी मजुरी द्यायला पैसे असतील असंही नाही.

म्हणून धंदा सुरू करताना तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. एका नगाला, भाडं-पगाराचा वाटा धरून, खरा खर्च किती? माल दिल्यापासून पैसे हातात यायला किती दिवस लागतात आणि तोवर खर्च कशातून भागणार? आणि पैशाची वही मी स्वतः शेवटची कधी पाहिली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आठवड्यापेक्षा जुनं असेल, तर आजच बसा. स्वतःच्या मेहनतीचा पगार खर्चात धरायलाही विसरू नका. घरच्या माणसाची मजुरी फुकट धरून ठरवलेला भाव पहिला नोकर ठेवताच कोसळतो.

या गोष्टीला एक शेवटही आहे. जोसायाने भाड्याच्या जागेत धंदा सुरू केला त्याला 2009 साली बरोबर 250 वर्षं झाली. त्याच वर्षी जानेवारीत, जगभर मंदी असताना, वेजवूड हे नाव बाळगणारी कंपनी कर्जाच्या ओझ्याने दिवाळखोरीत गेली. नाव पुढे दुसऱ्या मालकांकडे गेलं आणि भांडी आजही विकली जातात. त्या दिवाळखोरीच्या वर्षीही लोकांना ती आवडतच होती. 1772 मध्येही आवडत होतीच.